दोन विमानतळांमधलं अंतर किती? आकडा लिहिण्याआधी विचारायचे प्रश्न

मुंबईत कोणालाही विचारा, "पुणे किती लांब आहे हो?" उत्तर येईल, "तीन-साडेतीन तास. घाटात ट्रॅफिक लागलं तर चार." आपण अंतर विचारलं, उत्तर वेळेत आलं, आणि कोणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नाही. रोजच्या बोलण्यात हे चालून जातं. संशोधनात मात्र अंतर आणि वेळ हे दोन वेगळे रकाने असतात, आणि त्या प्रत्येक रकान्याचेही चार-चार अर्थ निघू शकतात.

नेट, सेट किंवा पेटची तयारी करताना आपण "चल म्हणजे काय", "व्याख्या म्हणजे काय" हे पाठ करतो. पण प्रत्यक्ष डेटा हातात आला की वाटतं, अंतरासारख्या साध्या गोष्टीची कसली व्याख्या? गुगलवर टाकायचं, येईल तो आकडा लिहायचा. आजच्या लेखात आपण दूरवरचे दोन विमानतळ घेऊ आणि त्यांच्यामधलं अंतर व प्रवासाचा वेळ नीट मोजायचा प्रयत्न करू. उदाहरण घेऊ दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांतलं कोणी ना कोणी त्या बाजूला असतं, त्यामुळे मार्ग ओळखीचा आहे. शिवाय या जोडीत एक मजेदार प्रकार घडलेला आहे: विमान जास्त लांबून गेलं आणि तरी लवकर पोहोचलं.

पहिला आकडा: पृथ्वीने ठरवलेला

गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग ज्या वर्तुळावरून जातो त्याला ग्रेट सर्कल म्हणतात, मराठीत बृहद्वृत्त. पृथ्वीच्या केंद्रातून जाणारी एक सपाट चकती कल्पा, जिच्यावर तुमचे दोन्ही विमानतळ आहेत. ती चकती पृथ्वीच्या पृष्ठभागाला जिथे कापते ती रेघ म्हणजे बृहद्वृत्त.

हिशेब दहावी-अकरावीच्या त्रिकोणमितीचाच आहे. दिल्ली विमानतळाचे अक्षांश साधारण २८.५७ उत्तर, रेखांश ७७.१० पूर्व. सॅन फ्रान्सिस्कोचे अक्षांश ३७.६२ उत्तर, रेखांश १२२.३८ पश्चिम. सूत्र असं:

केंद्रकोनाची कोसाइन = (पहिल्या अक्षांशाची साइन × दुसऱ्या अक्षांशाची साइन) + (पहिल्या अक्षांशाची कोसाइन × दुसऱ्या अक्षांशाची कोसाइन × रेखांशांमधल्या फरकाची कोसाइन)

आकडे घालून पाहिलं तर उजवी बाजू सुमारे उणे ०.३६४ येते. म्हणजे केंद्रकोन सुमारे १११.३ अंश. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.२ किलोमीटर पडतात. गुणाकार केला की अंतर येतं सुमारे १२,३८० किलोमीटर.

आता हेच काम सपाट नकाशाच्या डोक्याने करून बघा. अक्षांशांमधला फरक, रेखांशांमधला फरक, त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणलं आणि पायथागोरस लावला. रेखांशांची सरळ वजाबाकी केली तर फरक १९९.५ अंश येतो आणि अंतर निघतं सुमारे १८,६०० किलोमीटर. म्हणजे दीडपट! का? कारण १८० अंशांपेक्षा मोठा फरक म्हणजे तुम्ही पृथ्वीला लांबच्या बाजूने वळसा घातलात. जवळच्या बाजूचा फरक १६०.५ अंश. तो घेतला तरी सपाट हिशेबाने १५,००० किलोमीटरच्या आसपास येतात, म्हणजे खऱ्यापेक्षा वीसेक टक्के जास्त. पुण्या-मुंबईसाठी सपाट हिशेब चालतो. हजारो किलोमीटरसाठी चालत नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. पृथ्वी अगदी गोल नाही. विषुववृत्ताकडे त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आहे, ध्रुवांकडे ६,३५७. त्यामुळे गोल धरून केलेल्या हिशेबात अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. ती काढायची तर थॅडियस व्हिन्सेंटी यांनी १९७५ साली दिलेली पद्धत किंवा तिच्या नंतरच्या सुधारित पद्धती वापरतात. संगणकाच्या तयार पॅकेजमध्ये हे सगळं असतं. पण पॅकेजने गोल धरला की चपटा गोल, हे तुम्हाला माहीत असायला हवं, कारण व्हायवाला प्रश्न पॅकेजला विचारत नाहीत, तुम्हाला विचारतात.

एककांचंही तेच. विमानवाहतुकीत सागरी मैल चालतो, १.८५२ किलोमीटरचा. जमिनीवरचा मैल १.६०९ किलोमीटरचा. १२,३८० किलोमीटर म्हणजे ६,६८५ सागरी मैल किंवा ७,६९३ साधे मैल. रकान्यावर नुसतं "मैल" लिहिलेलं असेल तर आधी ते कोणते हे शोधा, मगच पुढे जा.

दुसरा आकडा: मार्गाने ठरवलेला

आता पृथ्वीगोल घेऊन दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणा. गंमत दिसेल. दोरा पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जात नाही, जवळजवळ सरळ उत्तरेकडे निघतो. हिमालय, शिनजियांग, सायबेरिया ओलांडून तो ७५ अंश उत्तरेच्याही वर, आर्क्टिकमधल्या पूर्व सायबेरियन समुद्रावर पोहोचतो आणि तिथून खाली अलास्काच्या बाजूने कॅलिफोर्नियाकडे उतरतो.

विमानं या दोऱ्यावरून तंतोतंत उडत नाहीत. कारणं अगदी व्यावहारिक आहेत. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला साधारण १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं. तिबेटच्या पठाराच्या मोठ्या भागावर जमीनच त्याहून उंच आहे. मग कोणत्या देशाने हवाई हद्द खुली ठेवलीय, कुठे बंद केलीय, एखादं इंजिन बंद पडलं तर किती वेळात उतरता येईल असा विमानतळ जवळ आहे का, वारा कुठे कसा आहे, हे सगळं बघून प्रत्येक उड्डाणाचा मार्ग आखला जातो.

एअर इंडियाने ही सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली तेव्हा विमान अटलांटिकच्या बाजूने जायचं. तो मार्ग सुमारे १३,९०० किलोमीटरचा सांगितला जायचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये जातानाचा मार्ग बदलला आणि विमान पूर्वेकडून, पॅसिफिक महासागरावरून जाऊ लागलं. त्या वेळच्या बातम्यांत या मार्गाची लांबी सुमारे १५,३०० किलोमीटर दिली होती, आणि वेळ साडेचौदा तास. म्हणजे मार्ग १,४०० किलोमीटरने वाढला आणि वेळ सुमारे दोन तासांनी कमी झाला. येताना विमान अटलांटिकवरून यायचं. एका फेरीत अख्खी पृथ्वीप्रदक्षिणा!

एकाच जोडीसाठी आपल्याकडे आता तीन अंतरं झाली: १२,३८०, १३,९०० आणि १५,३००. तिन्ही आपापल्या जागी ठीक आहेत. मोठ्या आणि लहान आकड्यात जवळपास चोवीस टक्क्यांचा फरक आहे. तुमच्या अभ्यासात इंधन किंवा कार्बन उत्सर्जन अंतरावरून काढायचं असेल, तर हा फरक थेट तुमच्या निष्कर्षात उतरतो.

वेळ: वाऱ्याने ठरवलेली

लांबचा मार्ग लवकर कसा संपतो? यावर नेहमी ऐकू येणारं उत्तर म्हणजे, "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, म्हणून." हे उत्तर जसंच्या तसं घेऊ नका. धावत्या लोकलमध्ये तुम्ही चेंडू वर उडवला तर तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात जात नाही, कारण चेंडूलाही लोकलचा वेग आधीपासून असतोच. तसंच विमान आणि हवा, दोन्ही पृथ्वीबरोबर फिरतच असतात. फरक पडतो तो हवेच्या जादा वेगामुळे. विषुववृत्ताकडची उष्ण हवा आणि ध्रुवांकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकामुळे उंचावर जोराचे वारे तयार होतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पूर्वेकडे वळतात. यांना जेट प्रवाह म्हणतात. ते साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर असतात, म्हणजे नेमके मोठी विमानं उडतात त्या थरात, आणि हिवाळ्यात जास्त जोर धरतात.

पूर्वेकडे जाणाऱ्या विमानाला हा वारा पाठीमागून ढकलतो, पश्चिमेकडे जाणाऱ्याला समोरून अडवतो. याचं ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग काही वेळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर होता. तरी ते ध्वनीपेक्षा वेगाने उडत नव्हतं, कारण आजूबाजूच्या हवेच्या तुलनेत त्याचा वेग नेहमीचाच होता.

इथे एक हिशेब करून बघा. पुष्कळांना वाटतं की जाताना वाऱ्याने वाचवलेला वेळ येताना तेवढाच खर्च होतो, फिटंफाट. न्यूयॉर्क-लंडन अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १०० धरू. जाताना ५,५४० भागिले १,००० म्हणजे ५ तास ३२ मिनिटं. येताना ५,५४० भागिले ८०० म्हणजे जवळपास ६ तास ५६ मिनिटं. एकूण १२ तास २८ मिनिटं. वारा नसता तर १२ तास १९ मिनिटं. नऊ मिनिटं कुठे गेली? समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा असतो. त्यामुळे "दोन्ही दिशांची सरासरी घेतली की वारा रद्द होतो" हे गृहीतक चुकीचं आहे. डेटात दिशा हा वेगळा रकाना ठेवा.

रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ पॉल विल्यम्स यांनी नेमका हाच धागा पकडून २०१६ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर जेट प्रवाह बदलेल, मग लंडन-न्यूयॉर्क प्रवासाच्या वेळेचं काय होईल, असा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं आलं की पूर्वेकडचा प्रवास थोडा लवकर होईल, पश्चिमेकडचा लांबेल, आणि दोन्ही मिळून फेरी सरासरी मिनिटभराहून थोडी अधिक वाढेल. एका मिनिटाला काय विचारायचं, असं वाटेल. पण अटलांटिकवरून रोज शेकडो विमानं जातात. वर्षाची बेरीज केली तर विमानांचे हवेतले सुमारे २,००० तास वाढतात, आणि तेवढं इंधनही. अशा मिनिटभराच्या परिणामाचा अभ्यास करायचा असेल तर वेळेची व्याख्या किती काटेकोर लागेल, हे लक्षात घ्या.

वेळ: कंपनीने छापलेली

तिकिटावर लिहिलेला वेळ म्हणजे हवेतला वेळ नाही. विमान गेटवरून हललं तेव्हापासून ते दुसऱ्या गेटवर थांबेपर्यंतच्या वेळेला ब्लॉक टाइम म्हणतात. यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं, उड्डाण, हवेतला प्रवास, उतरणं आणि पुन्हा गेटपर्यंत जाणं, सगळं येतं. आणि छापील ब्लॉक टाइममध्ये कंपनी थोडी ढील ठेवते. विमान ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत पोहोचलं तर ते "वेळेवर" धरलं जातं. मग वेळापत्रकातच वीस मिनिटं जास्त दाखवली की विमान आपोआप वक्तशीर ठरतं. म्हणून एखाद्या मार्गाचा छापील वेळ वर्षागणिक वाढलेला दिसला, तर विमानं हळू झाली असा निष्कर्ष काढण्याआधी दहा वेळा विचार करा.

घड्याळाचा सापळाही आहेच. समजा विमान दिल्लीहून पहाटे ४ वाजता निघालं आणि १५ तासांनी पोहोचलं. उन्हाळी वेळ चालू असेल तर दोन शहरांत साडेबारा तासांचा फरक असतो, म्हणजे तिथे त्याच दिवशी सकाळचे ६:३० वाजलेले असतात. संगणकाला नुसती वजाबाकी सांगितलीत तर तो प्रवास अडीच तासांचा दाखवेल. अमेरिकेत हिवाळी वेळ सुरू झाली की फरक साडेतेरा तासांचा होतो आणि हेच विमान ५:३० ला पोहोचतं. भारतात घड्याळ वर्षभर एकच असल्याने ही गोष्ट आपल्या सहज लक्षात येत नाही. उपाय सोपा आहे: सगळ्या वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत आणा, मग वजाबाकी करा.

आकड्यांना आकड्यांशी बोलू द्या

बातमीतला आकडा हातात आला की एक भागाकार करायची सवय लावून घ्या. १५,३०० भागिले १४.५ म्हणजे ताशी १,०५५ किलोमीटर. बोइंग ७७७ चा हवेतला नेहमीचा वेग ताशी ९०० च्या आसपास. म्हणजे चढण्या-उतरण्याचा कमी वेग धरूनही संपूर्ण प्रवासात पाठीमागून सरासरी ताशी १५० किलोमीटरहून जास्त वारा मिळाला असेल, तरच हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात. जोरदार जेट प्रवाहात ते अशक्य नाही, पण सरासरी म्हणून हा वारा फार मोठा आहे. मग प्रश्न पडायला हवेत. साडेचौदा तास हे हवेतले की गेट ते गेट? १५,३०० हे प्रत्यक्ष उडालेलं अंतर की आखलेल्या मार्गाची लांबी? अंतर आणि वेळ एकाच उड्डाणाचे की वेगवेगळ्या? आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण या प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय तो तुमच्या तक्त्यात बसू शकत नाही.

मग कोणता आकडा घ्यायचा?

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक आकड्यामागे तो ठरवणारा कोणीतरी वेगळा आहे. बृहद्वृत्ताचं अंतर भूगोलाने ठरवलं. उडालेलं अंतर मार्ग आखणाऱ्यांनी आणि देशांच्या धोरणांनी. हवेतला वेळ वाऱ्याने. छापील वेळ कंपनीने. तुमचा संशोधनप्रश्न काय आहे, त्यावर कोणता आकडा घ्यायचा हे ठरतं.

दोन उदाहरणं बघू. अर्थशास्त्रज्ञ फिलिपे कांपांते आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट यांना २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात विचारायचं होतं की थेट विमानसेवेमुळे शहरांचा विकास होतो का. अडचण उघड आहे: विकसित शहरांनाच विमानसेवा मिळते, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? त्यांनी एक खुबी हेरली. प्रवास १२ तासांच्या वर गेला की नियमांमुळे जादा वैमानिक आणि कर्मचारी लागतात, खर्च एकदम वाढतो. १२ तास म्हणजे अंतरात सुमारे ६,००० मैल, ९,६५० किलोमीटर. त्यामुळे ६,००० मैलांच्या थोड्या आतल्या शहरजोड्यांना थेट सेवा मिळण्याची शक्यता थोड्या बाहेरच्या जोड्यांपेक्षा बरीच जास्त दिसते. बाकी बाबतींत या जोड्या सारख्याच. इथे त्यांना बृहद्वृत्ताचंच अंतर हवं होतं, कारण ते कोणत्याही कंपनीने किंवा सरकारने ठरवलेलं नाही. उडालेलं अंतर घेतलं असतं तर अख्ख्या युक्तीतली ताकद गेली असती.

दुसरं उदाहरण झेवियर जिरू यांचं, २०१३ चं. कंपनीचं मुख्यालय आणि तिचा दूरचा कारखाना यांच्यामध्ये नवी विमानसेवा सुरू होऊन प्रवासाचा वेळ कमी झाला, तर त्या कारखान्यात गुंतवणूक वाढते का? अंतर तेवढंच राहिलं, वेळ बदलला. त्यामुळे इथे अंतर कुचकामी होतं, साहेबाला दाराजवळून कारखान्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळच हवा होता. दोन्ही अभ्यास विमानप्रवासाचेच, पण एकाचा रकाना दुसऱ्याच्या कामाचा नाही.

आपल्याकडचा ताजा डेटा

अंतर तेच आणि वेळ वेगळा, असे प्रसंग आपल्या भागात अलीकडे वारंवार घडले आहेत, आणि विषय शोधणाऱ्यांनी त्यांच्याकडे लक्ष द्यायला हरकत नाही. फेब्रुवारी २०१९ च्या शेवटी पाकिस्तानची हवाई हद्द बंद झाली, ती १६ जुलै २०१९ ला पूर्ण खुली झाली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाची हद्द अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद झाली, भारतीय कंपन्यांना खुली राहिली. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने पुन्हा हद्द बंद केली, या वेळी फक्त भारतीय कंपन्यांसाठी.

म्हणजे त्याच दोन विमानतळांमध्ये, त्याच दिवशी, एका कंपनीला वळसा पडतो आणि दुसरीला नाही. तुलना करायला याहून चांगली संधी क्वचित मिळते. पण घाई नको. मे २०२५ मध्ये काही युरोपीय कंपन्यांनी बंदी नसतानाही पाकिस्तानवरून जाणं टाळलं. म्हणजे ज्यांना तुम्ही "परिणाम न झालेला गट" धरणार, तो गटही पूर्ण निर्लेप नाही. अशा वेळी कंपनीच्या नावावर विसंबून न राहता प्रत्येक उड्डाणाचा प्रत्यक्ष मार्ग तपासावा लागतो.

मार्गाचा डेटा ओपनस्काय नेटवर्कसारख्या संस्था संशोधकांना उपलब्ध करून देतात. विमान स्वतःची जागा सतत प्रक्षेपित करत असतं, जमिनीवरचे रिसीव्हर ती टिपतात. महासागरावर रिसीव्हर नसतात, त्यामुळे तिथे डेटात भोकं पडतात. संगणकाने ती भोकं सरळ रेघेने जोडली तर उडालेलं अंतर खऱ्यापेक्षा कमी येतं, आणि नेमकं लांबच्या मार्गांवरच जास्त कमी येतं.

शिवाय कोणती उड्डाणं तुमच्या डेटात नाहीत, हेही बघा. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या तांत्रिक अडचणीमुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगादानला उतरलं आणि प्रवासी दुसऱ्या विमानाने पुढे गेले. या प्रवाशांचा प्रवासवेळ किती धरायचा? बहुतेक तक्त्यांत वळवलेली आणि रद्द झालेली उड्डाणं गाळलेली असतात. विमानांचा वेग अभ्यासायचा असेल तर ते गाळणं योग्यच आहे. प्रवाशांना होणारा त्रास अभ्यासायचा असेल, तर सगळ्यांत मोठा त्रासच तुम्ही गाळलेला असतो.

सिनॉप्सिसमध्ये किमान एवढं लिहा

१. अंतर कोणतं: बृहद्वृत्ताचं, आखलेल्या मार्गाचं की प्रत्यक्ष उडालेलं. पृथ्वी गोल धरली की चपटी, आणि एकक कोणतं.

२. वेळ कोणता: हवेतला की गेट ते गेट, छापील की प्रत्यक्ष. सरासरी घेतली की मध्यक, आणि का.

३. दिशा आणि ऋतू वेगळे ठेवलेत का.

४. वेळा जागतिक प्रमाणवेळेत आणल्या का.

५. गाळलेली उड्डाणं किती आणि कोणती.

६. निवडलेला आकडा तुमच्या प्रश्नाशी कसा जुळतो, हे दोन वाक्यांत. गाइड पहिल्यांदा हेच विचारतात.

हात बसावा म्हणून एक सराव देतो. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. लंडन हीथ्रो ५१.४८ उत्तर, ०.४६ पश्चिम. वरचं सूत्र कागदावर मांडा. उत्तर ७,२०० किलोमीटरच्या आसपास आलं पाहिजे, खूप वेगळं आलं तर आधी रेखांशांची चिन्हं आणि कॅल्क्युलेटर अंशांवर आहे का ते तपासा. मग दोन्ही दिशांचे आठवडाभराचे छापील आणि प्रत्यक्ष वेळ टिपा, भारतीय आणि ब्रिटिश कंपन्यांचे वेगवेगळे. सात दिवसांच्या त्या छोट्या तक्त्यात वारा, वेळापत्रकातली ढील आणि हवाई हद्दीचा वळसा यांतलं तुम्हाला काय काय वेगळं काढता येतं आणि काय काढता येत नाही, ते लिहून बघा. जे काढता येत नाही, त्यासाठी आणखी कोणता डेटा लागेल हेही लिहा. तुमच्या प्रस्तावातल्या पद्धतीच्या भागाचा पहिला मसुदा तिथूनच सुरू होईल.